सात इसा मेंढरं

हैबतीला टीबीपेक्षा मेंढरं गेल्याचं जास्त लागलं होतं. आता गोळ्या भोरच्या सरकारी दवाखान्यातून फुकट मिळत होत्या. पण खोकला कशाचा हे कळेपर्यंत वर्षभर खासगी डॉक्टरांचे उंबरे झिजवले, त्यातच कळप विकला गेला. अकरा मेंढ्या उरल्या. त्या जड गोळ्या पचवायच्या तर पोटात अंडी, डाळ, शेंगदाणे हवेत. गरीब रुग्णांना दर महिन्याला हा शिधा देणारी एक संस्था होती. तिला उत्पन्नाचा दाखला हवा होता.

चौकशीत तलाठ्यानं विचारलं, "मेंढरं किती?"

"सात इसा," हैबती ताठ मानेनं बोलला. सात वेळा वीस, म्हणजे एकशे चाळीस!

काय म्हणावं या माणसाला? पण घटलेला आकडा तोंडातून काढला की उरलेलीही जातात, असं त्याला बापानं शिकवलेलं. दाखल्यावर भलं दांडगं उत्पन्न आलं आणि शिधा नामंजूर झाला.

त्याच्या बायकोनं, भागूबाईनं, कपाळावर हात मारून घेतला. "आता ही अकरा बी इकावी लागत्याली. मंग कुठला आकडा सांगशीला?"

हैबतीच्या डोळ्यांसमोर जुना कळप आला. दिवाळी सरली की वरंधा घाट उतरून कोकणात जायचं. पुढं घोड्यावर बिऱ्हाड, मागं सगळ्या वाटेवर मेंढरंच मेंढरं. परतताना भोंगवलीचे शेतकरी लेंडीखतासाठी मेंढरं आपल्याच रानात बसवा म्हणून आग्रह धरायचे. ते आठवलं की त्याचा जीव गलबलायचा.

शेवटी गावच्या आशा सेविकेनं, सुलक्षणानं, तलाठ्याला गळ घातली. तो मोटारसायकलवरून वस्तीवर आला.

"मामा, खरी किती हायेत ते सांगा की," सुलक्षणा म्हणाली.

 हैबती काठीवर भार देऊन उठला आणि उताराकडं तोंड करून त्यानं हाळी दिली, साऱ्या कळपाला पुरेल अशी. मध्येच खोकला आला, तरी त्यानं ती पुरी केली.

झुडपांतून मेंढ्या पळत आल्या आणि त्याच्या पायांशी थांबल्या. तलाठ्यानं त्या मोजल्या. "दाखला दुरुस्त करून देतो," म्हणाला.

भागूबाईनं पदरानं डोळे पुसले. "आवं, झालं! राशन मिळणार. चला आता घरात."

"थांब," हैबती म्हणाला. तो अजून उताराकडंच बघत होता. "बाकीची येऊ दे."