अमावस्येपर्यंत ठेवलेले खेकडे

देवगडच्या एसटी स्टँडवर बाबांनी माझी बॅग टपावर चढवली आणि मग बराच वेळ ते ड्रायव्हरशीच बोलत राहिले. माझ्याशी काय बोलावं हे त्यांना कळत नसावं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिली, आणि तीही थेट दुबईच्या बाजूला, बाळकाकांकडे. गाडी सुरू झाली तेव्हा आई खिडकीशी आली. ती एवढंच म्हणाली, "लोकाचं घर आहे. तोंड वाकडं करू नकोस."

काका लोक नव्हते, बाबांचे सख्खे धाकटे भाऊ होते. तरी आईचं म्हणणं मी मनावर घेतलं. तेव्हा एकोणीसशे पंच्याण्णव साल चालू होतं.

काका दुबईतल्या अल क्वोजच्या एका वर्कशॉपमध्ये एसीचे डक्ट बनवायचे. शारजात त्यांचा एक बेडरूमचा फ्लॅट होता. बेडरूममध्ये काका, काकी आणि आठ वर्षांचा सनिल, हॉलमध्ये मी. हॉलमध्ये एक लांब टेबल होतं. त्याच्या अर्ध्या भागावर माझी पुस्तकं आणि उरलेल्या अर्ध्या भागावर काचेची टाकी. ती सनिलच्या गोल्डफिशसाठी आणली होती. ते मासे कधीच मेले होते. आता तिच्यात खेकडे होते.

गावी असलेल्यांना हे चटकन कळेल, इथे वाढलेल्या मुलांना समजवावं लागतं. आमच्याकडे खेकडे अमावस्येच्या आसपास खायचे. तेव्हा ते भरलेले असतात, पौर्णिमेला पोकळ. काकांना सुट्टी फक्त शुक्रवारी. त्या दिवशी ते मित्राच्या पिकअपमधून उम अल क्वैनच्या खोरवर, म्हणजे खाडीवर जायचे आणि सुतळीला माशाचं डोकं बांधून खेकडे धरायचे. "कुर्ल्यो शुक्रवारी गावतत," ते म्हणाले, "अवस काय शुक्रवार बघून येता?" म्हणून त्यांनी उपाय काढला होता. शुक्रवारी धरायचे, टाकीत ठेवायचे, खायला घालायचे आणि भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरात अमावस्या आली की शिजवायचे. खारं पाणीसुद्धा ते खोरवरूनच आणायचे, पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या मोठ्या बाटल्यांत भरून.

शेजारचे केरळी गृहस्थ एकदा टाकीकडे बराच वेळ बघत राहिले. "बालाभाई, ये देखने का है या खाने का?"

"अभी देखने का," काका म्हणाले. "बाद में खाने का."

सगळे हसले. मीही हसले.

पण मला त्या टाकीची इतकी किळस यायची की आजही नीट लिहिता येत नाही. खेकडे मी लहानपणापासून पाहिले होते, पण चिखलात, टोपलीत, नाहीतर ताटात. असे दिवसरात्र समोर कधी नव्हते. त्यांच्या तोंडाशी सतत फेस चालू असायचा. दांडीवरचे डोळे माझ्या वहीकडे वळलेले असायचे. काचेवर नांग्या घासल्याचा आवाज यायचा, बशीवर सुरी फिरवल्यासारखा. काकी मासे साफ करून आतडी मला द्यायची, ती टाकीत टाकायचं काम माझं. उरलेली आतडी दुसऱ्या दिवशी पांढरी होऊन तरंगायची. ती मी चहाच्या गाळणीने काढायची. वास माझ्या केसांत, ओढणीत, कॉलेजच्या पुस्तकांत शिरला होता. वर्गात शेजारची मुलगी जरा सरकून बसली की मला वाटायचं, तिला कळलं.

सनिल सरळ म्हणायचा, "बाबा, इट स्टिंक्स." काका हसून त्याच्या डोक्यावर टपली मारायचे. मला तसं म्हणता येत नव्हतं. मी म्हटलं असतं तर ते वेगळंच ऐकू गेलं असतं.

एका खेपेला सहा खेकडे होते आणि अमावस्येला बारा दिवस. आठवड्याभरात चार उरले. दोघांना बाकीच्यांनी खाल्लं होतं. मग एका सकाळी एक खेकडा उताणा पडलेला दिसला. मेला समजून मी तो पेपरात धरून उचलला, तर कागदासारखा हलका. ती नुसती कात होती. खरा खेकडा फिल्टरच्या मागे अंग चोरून बसला होता, भिजवलेल्या कणकेसारखा मऊ. कात टाकलेला खेकडा खाडीत चिखलात शिरून राहतो, हे मला ठाऊक होतं. इथे चिखल नव्हता. बादली मोरीत होती. त्याला उचलून बादलीत ठेवायला एक मिनिट लागलं असतं.

मी हात घातला नाही. त्या मऊ अंगाला हात लावायच्या कल्पनेनेच मला उमासा आला. मी पुस्तकं उचलली आणि बस पकडायला गेले.

दुपारी परत आले तेव्हा बाकीचे तिघे त्याला खात होते. त्याचे पाय अजून हलत होते. मी मोरीत जाऊन ओकले. संध्याकाळी काकांना म्हटलं, "एक गेला." सकाळचं काही सांगितलं नाही.

अमावस्येला काकांनी स्वतः वाटण केलं, गावाहून मी आणलेलं तिरफळ घातलं. पानावर बसून त्यांनी पहिली नांगी फोडली. आतून काळपट पाणी आलं. दुसरीतूनही पाणीच. सनिल म्हणाला, "देअर्स नथिंग इन इट, बाबा."

"गावाक भरलेल्यो असतत रे," काका म्हणाले आणि तिसरी फोडायला घेतली.

तेव्हा मी बोलले. का तेव्हाच, ते माहीत नाही. म्हटलं, "काका, मला या टाकीची किळस येते. मला इथे अभ्यास होत नाही. परीक्षेत मी नापास होईन."

काकांनी हातातली नांगी ताटात ठेवली. काकी म्हणाली, "पोर महिनाभर धड जेवत नाही. तुम्हाला दिसत नाही?"

"बरं," काका म्हणाले. "खलास."

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी त्यांनी टाकी एकट्याने खाली नेली. टेबल डेटॉलने पुसलं. रविवारी बाबांचा एसटीडी बूथवरून फोन आला, तेव्हा काका एवढंच बोलले, "अभ्यास करता हां पोरगी. काळजी नको." त्यानंतर ते खोरवर गेले नाहीत. त्या पूर्ण टेबलावर अभ्यास करून मी बी.कॉम. झाले.

आता माझा स्वतःचा फ्लॅट आहे, नवरा आहे, ऑफिस आहे. काका कधीकधी शुक्रवारी मासळी घेऊन येतात. येतात आणि लिफ्टपाशीच थांबतात. पिशवी पाठीमागे धरून विचारतात, "वास चालात मां गो?" इतक्या वर्षांनी. टाकीची आली नव्हती एवढी किळस मला त्या प्रश्नाने माझीच येते.

गेल्या शुक्रवारी त्यांच्या पिशवीत खेकडे होते. मी ती हातातून घेतली, सिंकमध्ये ओतली आणि उघड्या हातांनी साफ करायला लागले. काका किचनच्या दारातून बघत होते. मग आत आले आणि मला कोपराने बाजूला सारलं.

"असा नाय गो. आधी डेंगे मोड." त्यांनी एक नांगी मोडून दाखवली. "बी.कॉम. झालंस, पण कुर्ली धरूक येना नाय."

मला अजून किळस येत होती. पण त्या स्वयंपाकघरात काका मला ओरडत होते, आणि इथे आल्यापासून पहिल्यांदाच मला वाटलं की मी लोकाच्या घरी राहत नाहीये.