आमच्या कॅरोल मंडळातलं ऐक्य

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते ओट्याखालच्या प्लास्टिकच्या पिशव्यांसारखे असतात. एकेक ठेवत जातो आणि एक दिवस दार उघडलं की सगळ्या अंगावर येतात. माझ्याकडचे निम्मे किस्से वाकोल्याच्या आमच्या सोसायटीतल्या कॅरोल मंडळाचे आहेत. नाताळात घरोघर जाऊन गाणी म्हणणारं हे मंडळ. मी त्यात कीबोर्ड वाजवते. मी जोशी. शाळेत संगीत शिकवते, म्हणून लहानथोर सगळे मला टीचर म्हणतात.

आता जोशीबाई येशूच्या जन्माची गाणी का बसवते, तिथूनच सुरुवात करावी लागेल.

*

मंडळाला प्रॅक्टिससाठी सोसायटीचा हॉल हवा होता. सेक्रेटरी म्हणाले, "ख्रिश्चनांचा एक माणूस पाठवा, मी बोलतो."

चार जण गेले. पहिले शमुवेल काका, नगरकडचे मराठी प्रोटेस्टंट, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. दुसरी फिलूमावशी, माहेर गोराईचं, पक्की कॅथलिक. तिसरा वर्गीस, केरळचा सिरियन ख्रिश्चन. आपले पूर्वज बाकी सगळ्यांच्या कितीतरी आधी ख्रिस्ती झाले, हे तो लिफ्टमध्येही सांगतो. चौथे गृहस्थ शनिवारी शब्बाथ, म्हणजे देवासाठी राखलेला सुटीचा दिवस, पाळणारे. सेक्रेटरींनी "शनिवार चालेल?" असं विचारल्याबरोबर ते उठून गेले आणि परत आलेच नाहीत.

उरलेल्या तिघांना सेक्रेटरींनी विचारलं, "तुमच्यात मेन कोण?"

तिघंही एका सुरात म्हणाले, "येशू."

"बरं. ते सहीला येतील का?"

तिघांपैकी एकाने सही केली असती तर बाकीचे दोघं त्याच्या हाताखाली आले असते, आणि ते कोणालाच परवडणारं नव्हतं. म्हणून मला बोलावलं. काकांनी कारणही दिलं, "टीचर कुठल्याच चर्चच्या नाहीत. त्यांच्यात फूट पडायची भीती नाही." तेव्हापासून मी मंडळाची अध्यक्ष आहे.

*

शमुवेल काकांची एक लाडकी थिअरी आहे. धर्म जेवढा पसरला तेवढा पातळ झाला, असं त्यांचं ठाम मत. प्रॅक्टिसला चहा आला की हमखास सुरू व्हायचे.

"हा चहा बघा टीचर. दोन माणसांचा होता. चार पाहुणे आले, पाणी वाढवलं. आणखी चार आले, आणखी वाढवलं. आता सगळ्यांच्या हातात कप आहे, पण चहा कुठाय? आमच्या धर्माचं तेच झालंय. गल्लीत पाच चर्चेस, आणि एकाची घंटा दुसऱ्याला ऐकवत नाही."

फिलूमावशी कपबशा गोळा करत होती. ती म्हणाली, "शमुवेलभाऊ, पाणी वाढलं तर पावडर टाका, आलं टाका, उकळा जरा. तुम्ही नुसते कपात बघत बसता."

चहा त्या दिवशी खरंच पाणचट होता, आणि तो काकांनीच केला होता.

*

एकदा मलाही राहवलं नाही. मी म्हटलं, "काका, आमच्या मागच्या गल्लीत एक गणपती मंडळ होतं. भांडणं झाली, आता तीन आहेत. मग गणपती कमजोर झाला का?"

काकांनी प्रामाणिकपणे विचार केला. "भक्ती वाढली?"

"वर्गणी मागणारे वाढले."

"आणि आरतीला माणसं?"

मला कबूल करावं लागलं की तिन्ही मांडवांत मिळून आधीपेक्षा जास्त असतात. एकाला जास्त माणसं दिसली की दुसरे दोघं आपापल्या बायकामुलांना घरातून ओढून आणतात.

काका म्हणाले, "म्हणजे धर्म टिकवायचा तर शेजाऱ्याशी भांडण पाहिजे." वर्गीसने लगेच मान डोलावली. त्याच्या लोकांनी केरळात हा प्रयोग पिढ्यान्‌पिढ्या केला आहे, असं त्यानेच सांगितलं. त्यांच्या एका चर्चचा खटला त्याच्या आजोबांनी सुरू केला होता आणि आता तो बघतो.

*

ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत मंडळाने एकत्र जेवायचं ठरवलं. ऐक्याचं जेवण. कल्पना माझीच होती, आणि ती किती मूर्खपणाची आहे हे मला पानं वाढेपर्यंत कळलं नाही.

शुक्रवार होता. फिलूमावशीला शुक्रवारी मटण चालत नाही, मासे चालतात, म्हणून तिने बोंबलांचं कालवण आणलं. वर्गीसला त्या दिवसांत मटण नाही, मासे नाहीत, अंडं नाही, दूधसुद्धा नाही. काकांच्या चर्चला उपवासाचा नियमच नाही. ते कोंबडी घेऊन आले होते. फिलूमावशीचा चेहरा बघून म्हणाले, "आम्ही मनाने उपास करतो."

मावशी म्हणाली, "मग मनानेच जेवा."

माझी नेमकी संकष्टी होती, म्हणून मी साबुदाण्याची खिचडी नेली होती. सगळ्यांची नजर हळूहळू त्या डब्याकडे वळली. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही. काका हात वर करून म्हणाले, "दोन हजार वर्षांत जमलं नाही ते जोशीबाईंनी केलं."

पानं वाढली, डोळे मिटले, प्रार्थना झाली. वर्गीसने घास उचलला, वास घेतला आणि खाली ठेवला.

"टीचर, तूप है क्या इसमें?"

तूप होतं. वर्गीसने त्या दिवशी केळं खाल्लं. पुढच्या वर्षीपासून मी शेंगदाण्याच्या तेलात करते. चव अगदीच बेताची लागते, पण ऐक्य आहे.

*

आता विल्सनबद्दल सांगायला हवं, कारण काकांच्या त्या थिअरीच्या मुळाशी विल्सन आहे. विल्सन त्यांचा एकुलता एक मुलगा. काकी गेल्यापासून घरात दोघंच. पोरगा आमच्या मंडळात गिटार वाजवायचा, आणि खरं सांगते, तो होता तोवर आमचं गाणं गाण्यासारखं वाटायचं. मग त्याला ऑफिसातल्या कोणीतरी कांजूरमार्गच्या एका फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या पद्धतीच्या प्रार्थनामंडळीत, नेलं. जिमच्या वरचा हॉल, ड्रम्स, हात वर करून गाणारी तरुण पोरं. विल्सन तिकडचाच झाला. तिथे म्हणतात, लहानपणचा बाप्तिस्मा खरा नाही, कळत्या वयात पुन्हा पाण्यात बुडून घ्यायचा. विल्सनने तो घ्यायचं ठरवलं. जागा ठरली गोराईचा समुद्र.

त्यांनी प्रार्थना करून दिवस ठरवला, बस ठरवली, जेवण ठरवलं. भरती-ओहोटी कोणी बघितली नाही. पांढरे कपडे घालून सगळे किनाऱ्यावर उतरले तेव्हा समुद्र पार लांब गेला होता. कमरेएवढं पाणी शोधत पास्टर पुढे, मंडळी मागे, चिखलात घोट्यापर्यंत पाय. फिलूमावशीचा भाऊ तिथेच जाळं विणत बसला होता. त्याने बराच वेळ बघितलं आणि मग हाक मारली, "ओ भाऊ, दुपारी या! पानी आता जेवायला गेलंय."

मावशीने हा किस्सा प्रॅक्टिसला रंगवून सांगितला. आम्ही पोट धरून हसलो. काकाही हसले. मग एकदम म्हणाले, "तीन महिन्यांचा होता तेव्हा मी त्याला हातावर घेऊन उभा होतो. पाळकांनी डोक्यावर पाणी घातलं, त्याची आई रडली. ती काय आंघोळ होती?"

मावशीने तो किस्सा पुन्हा कधी सांगितला नाही. विल्सनने मंडळ सोडलं होतंच, आता काकांबरोबर घरातली संध्याकाळची प्रार्थनाही सोडली. भांडण असं नाही. एकाच घरात एक जण हॉलमध्ये डोळे मिटायचा, दुसरा बेडरूममध्ये.

*

एका रविवारी काका माझ्या दारात. अंगात कोट. "टीचर, कांजूरमार्गला येता का? मला एकट्याला जायला कसंतरी वाटतं."

आम्ही मागच्या रांगेत खांबाआड बसलो. हॉल गच्च भरलेला. ड्रम सुरू झाल्यावर मला माझं कीबोर्ड बिचारं वाटायला लागलं. काकांनी खिशातून कापूस काढून कानात घातला, पण उठले नाहीत. त्यांच्या स्वतःच्या चर्चमध्ये हल्ली पंखे जास्त आणि माणसं कमी असतात, हे ते कोणाला सांगत नाहीत. पुढे विल्सन डोळे मिटून गिटार वाजवत होता.

बाहेर पडताना त्याने आम्हाला पाहिलंच. धावत आला. "पप्पा, तुम्ही? कसं वाटलं?"

"आवाज चांगला आहे."

"आणि मेसेज?"

"तो आवाजात ऐकू आला नाही."

रिक्षात काकांनी कापूस परत खिशात टाकला. मग म्हणाले, "मी चुकीचं बोलत होतो टीचर. धर्म कुठे कमजोर झालाय? चांगला दणदणीत आहे. तो फक्त माझ्या घरातून उठून दुसरीकडे गेलाय. पोरगा एकदा माझ्या बाजूला उभा राहून आमेन म्हणाला ना, तर बाकीच्यांनी पन्नास चर्चेस काढावीत. माझी हरकत नाही."

मला त्यांची फार दया आली, आणि विल्सनचा रागही आला. पण त्याला सांगणार काय?

*

आणि हा शेवटचा. अंधेरीतल्या हॉस्पिटलमध्ये काकांची बायपास होती. सकाळी सातला आत घेणार होते. मी, फिलूमावशी आणि वर्गीस सहालाच पोहोचलो. विल्सन खाली कागदपत्रं करत होता. रात्रभर तोच होता, पण बापलेकांत "पाणी हवंय का" च्या पलीकडे बोलणं नव्हतं.

सिस्टर म्हणाली, "पाच मिनिटं घ्या, प्रार्थना करायची तर करा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. येशूने शिकवलेली प्रार्थना या सगळ्यांची एकच आहे, फक्त शेपटाचा घोळ आहे. कॅथलिक वाइटापासून सोडवण्यापाशी थांबून आमेन म्हणतात. प्रोटेस्टंट तिथून पुढे राज्याची आणि गौरवाची एक ओळ म्हणतात. त्यामुळे एकत्र कार्यक्रमात दर वेळी अर्धे लोक डोळे उघडून बसलेले आणि अर्धे अजून चालूच. वर्गीस मल्याळममध्ये म्हणतो. त्याची कधी संपते ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. आणि विल्सनच्या फेलोशिपला पाठ केलेली प्रार्थनाच मान्य नाही.

सुरुवात झाली. मावशीने काकांचा हात धरला होता. वाइटापासून सोडवण्यापर्यंत सगळं सुरळीत आलं.

आणि काका थांबले. मावशीला अवघडल्यासारखं नको म्हणून तिच्या पद्धतीने "आमेन" म्हणाले. इकडे मावशी थांबलीच नाही. आजारी माणसाला त्याची प्रार्थना पुरी मिळावी म्हणून तिने आठवडाभर ती ओळ पाठ केली होती. "कारण राज्य..." म्हणाली आणि पुढचं विसरली. पुन्हा म्हणाली, "कारण राज्य..." काकांनी तर आमेन म्हणून टाकलेलं. मला ओळ येत होती, पण ती मी म्हणावी की नाही ते ठरेना.

तेव्हा दाराकडून कोणीतरी ती ओळ उचलली. हातात फाईल, खांद्याला बॅग, विल्सन दारातच उभा होता. त्याने ती शेवटपर्यंत म्हटली, आत येऊन बापाच्या बाजूला उभा राहिला आणि म्हणाला, "आमेन."

वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला. "हो गया? पेशंट को ले जाना है."

काकांनी डोळे उघडले नाहीत. नुसता हात वर करून त्याला थांबवलं.

"टीचर," ते म्हणाले, "पहिल्यापासून घ्या."