पहिला की तिसरा

माझ्या सख्ख्या थोरल्या भावाशी मी सहा वर्षं बोललो नाही, आणि त्याला कारण एक इंग्रज माणूस, जो कधी जन्मालाच आलेला नाही.

हा माणूस म्हणजे इंग्रजी सिनेमातला तो प्रसिद्ध गुप्तहेर. कित्येक वर्षं झाली, त्याचं वय वाढत नाही. त्याचं काम करणारा नट म्हातारा झाला की दुसरा येतो, आणि लोकांनी तोच माणूस आहे असं समजून पुढं बघायचं. (मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, त्यामुळं मला यात काही विचित्र वाटत नाही. साहेब बदलतो, खुर्ची तीच.) आतापर्यंत असे सहा झाले. त्यातला पहिला अण्णाचा लाडका आणि तिसरा माझा.

अण्णा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. आमचं गाव मिरजगावजवळ. कॉलेजला असताना आम्ही दोघं नगरला एका खोलीत राहायचो आणि रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमा बघायचो. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, पण अण्णा थोरला, म्हणून त्याला येतं असं आमच्यात धरून चाललेलं. अंधारात तो माझ्या कानाशी भाषांतर करायचा. "आता तो म्हणतोय, तुझ्या बापाला घिऊन ये." पुढं कितीतरी वर्षांनी हेच सिनेमे टीव्हीवर हिंदीत लागले तेव्हा समजलं, की त्यात कुणाच्याच बापाचा विषय नव्हता.

पुढं अण्णा गावी शेती बघायला लागला, मी नोकरीनिमित्त कोपरगावला स्थायिक झालो. पण दर दिवाळीत भाऊबीजेच्या दुपारी, जेवणं झाल्यावर, अण्णाच्या घरी एक सिनेमा बघायचा हे ठरलेलं. बघायचा कमी आणि भांडायचं जास्त. दुसरा नट एकाच सिनेमापुरता आला, त्यामुळं त्याच्याबद्दल दोघांनाही दया होती. चौथा कायम रागावलेला असतो आणि पाचव्याचे केस वादळातही हलत नाहीत, यावरही आमचं एकमत. सहावा मार खातो तेव्हा खरंच दुखल्यासारखं वाटतं, हे मी एकदा कबूल केलं होतं. वाद फक्त पहिल्या आणि तिसऱ्याचा.

सहा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला, सहावा आता काम सोडणार अशी बातमी अण्णानं पेपरात वाचली होती.

"सातवा कुनीबी येऊ दे," अण्णा म्हणाला. "पहिल्याची सर येनार न्हाई. तो खोलीत आला की बाकीची मानसं गप बसायची."

"माणसं गप बसवायला गुप्तहेर कशाला पाहिजे?" मी म्हटलं. "ते तर तूही करतोस. माझा तिसरा बघ. छपराला टांगलाय, खाली मगरी आहेत, तरी एक गंमत करूनच खाली पडणार."

इथपर्यंत नेहमीचंच होतं. वहिनी चहा ठेवायला उठल्या होत्या. माझी बायको मंगल करंज्यांचा डबा भरत होती. अण्णानं टीव्हीचा आवाज बंद केला आणि शांतपणे म्हणाला, "तुला तिसराच आवडनार. तू बी तसाच हाईस. आई शेवटची दवाखान्यात हुती तवा डॉक्टरसंगं विनोद करत बसला हुतास. उशाला मी बसलो हुतो."

मी तिथंच उठून बाहेर गेलो असतो तर बरं झालं असतं. पण मी बसून राहिलो आणि म्हणालो, "आणि तुला पहिला आवडतो, कारण तो कुणाला विचारत नाही. आईचं ऑपरेशन करायचं नाही, हे तू मला विचारून ठरवलं होतंस का?"

अण्णानं रिमोट खाली ठेवला. मी चपला घातल्या. मंगल करंज्यांचा डबा घेऊन माझ्या मागून आली. (रागाच्या भरातही तिनं डबा सोडला नाही, त्यामुळं तो आठवडा आम्ही अबोल्याच्या करंज्या खाल्ल्या.)

गावात बातमी पसरायला दोन दिवस लागले. अण्णाच्या शेजारचे तात्या म्हणजे गावातली भांडणं मिटवायचा ज्यांना छंद आहे असे गृहस्थ. ते एसटीनं थेट कोपरगावला आले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी विचारलं, "किती गुंठ्याचा वाद हाय?"

आता मी काय सांगणार? पन्नाशी उलटलेली दोन माणसं सिनेमातल्या नटावरून एकमेकांशी बोलत नाहीत, हे सांगायचं? की आईच्या ऑपरेशनचं सांगायचं? मान खाली घालून मी म्हणालो, "तसं विशेष नाही तात्या. बांधाचंच आहे थोडं."

तात्यांचा चेहरा उजळला. "अन्ना बी हेच म्हनला. मी इचारलं तर म्हनला, बांधाचंच हाय. दोगं बी एकच सांगताय म्हंजी निम्मं भांडान मिटलंच की."

अण्णालाही माझ्यासारखीच लाज वाटली होती. इतकं कळल्यावर मी हसून फोन करायला हवा होता. मी केला नाही. आधी त्यानं करावा असं मला वाटलं, आणि त्याला अर्थातच आधी मी करावा असं वाटत होतं.

तात्यांनी मात्र वेळ घालवला नाही. मोजणीच्या अर्जावर आधी अण्णाची सही घेतली, मग तोच कागद घेऊन पुन्हा एसटीनं माझ्याकडं. वडिलांनी दिलेली जमीन सातबाऱ्यावर दोघांच्या नावानं वेगळी झालेली होती, पण तिच्या बांधाकडं तीस वर्षांत दोघांनीही पाहिलं नव्हतं. अण्णाची सही बघून मी म्हटलं, याला मोजायचंच असेल तर मोजू. पुढं कळलं, त्याला तात्यांनी माझं नाव घेऊन सांगितलं होतं, "बापू तयार हाय, तू तेवडी सही कर."

मोजणीचा दिवस आला. मी लांब लिंबाखाली उभा राहिलो, अण्णा दुसऱ्या टोकाला. मोजणीवाले साहेब नकाशा धरून चालत चालत थेट अण्णाच्या गोठ्यात शिरले आणि आत जाऊन थांबले. हद्द गोठ्याच्या मधोमध निघाली होती. दोन म्हशी बांधलेल्या. त्यांची तोंडं अण्णाच्या जमिनीत आणि शेपट्या माझ्या. चारा त्याचा आणि शेण माझं. हे कुणाला सांगून हसावं, तर ज्याला सांगायचं तो माणूस समोरच उभा आणि त्याच्याशी बोलायचं नाही.

तो गोठा आमच्या वडिलांनी बांधलेला. लहानपणी आम्ही दोघांनी त्याच्या भिंती शेणानं सारवलेल्या. मी एवढंच म्हणायला हवं होतं, "राहू दे, तुझाच आहे." चार शब्द. मी म्हटलं नाही. अण्णानं माझ्याकडं पाहिलं, थोडा थांबला, आणि म्हशी सोडायला गेला. आठवड्याभरात त्यानं गोठा पाडला. तात्यांनी मला फोन करून आनंदानं सांगितलं, "घ्या, तुमची जमीन मोकळी झाली. मिटला का न्हाई वाद?"

त्या मोकळ्या जमिनीत मी आजवर काही लावलेलं नाही. तिथं गवत उगवतं.

आता हे सगळं आम्हा दोघांचं. बायकांमधे अबोला कधीच नव्हता. मंगल आणि वहिनी रोज फोनवर बोलायच्या. मी एकदा मंगलला म्हटलं, "निदान मी घरात असताना तरी बोलू नकोस." ती म्हणाली, "मग तुम्ही बाहेर जात चला." त्या फोनांमधूनच अण्णाच्या मुलीचं, स्वातीचं लग्न ठरलं. मुलगा कोपरगावचा, माझ्याच ऑफिसातल्या जगदाळ्यांचा. स्थळ मंगलनंच सुचवलेलं, आणि मला ते कळलं साखरपुडा झाल्यावर.

अण्णाकडून पत्रिका आली. वर नाव लिहिलं होतं, सौ. मंगलताई. बस. 'सहकुटुंब' हा शब्द छापील असतो, तोही पेनानं खोडलेला. जगदाळ्यांनी मात्र पेढे देऊन, हात धरून आमंत्रण दिलं. मी मंगलला बाणेदारपणे सांगितलं, "मी येणार, पण वऱ्हाडी म्हणून."

मंगल चार दिवस आधीच गावी गेली. मी लग्नाच्या दिवशी पहाटे वरपक्षाच्या बसमधे बसलो. सख्ख्या पुतणीच्या लग्नाला मी मुलाकडचा पाहुणा म्हणून निघालो होतो. रस्त्यात वऱ्हाडातली माणसं विचारत होती, "मुलीकडचे लोक कसे आहेत हो? मुलीचा बाप जरा ताठ आहे म्हणतात." मी म्हणायचो, "ऐकलंय तसं."

मिरजगावच्या हायवेवरच्या कार्यालयात बस थांबली. दारात स्वाती भेटली. हळदीचं अंग, डोळे भरलेले. ती वाकून पाया पडली आणि म्हणाली, "बापूकाका, तुमी तिकडून कशाला आले?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि वरपक्षाच्या रांगेत जाऊन बसलो.

अण्णा फेटा फार सुरेख बांधतो. घरच्या लग्नात भाड्यानं आणलेला फेटेवाला त्याला चालत नाही. मुलाकडच्या मानाच्या पाहुण्यांना फेटे तो स्वतःच बांधत होता, एकेक करत पुढं सरकत होता. जगदाळ्यांनी मला हौसेनं आपल्या शेजारी मानाच्या खुर्चीवर बसवलेलं. तिथून उठणं म्हणजे भर मांडवात तमाशा. जगदाळ्यांचा फेटा झाला आणि अण्णा माझ्यासमोर आला.

त्यानं कापडाचं टोक माझ्या कपाळावर धरलं. केस पार पांढरे झाले होते. दोन वेढे झाले, तीन झाले. मग खालच्या आवाजात, माझ्याकडं न बघता, सहा वर्षांत पहिल्यांदा तो बोलला.

"बापू, त्या दिवसानंतर मी त्याचा एक बी सिनेमा बघितला न्हाई. एकट्याला ग्वाड लागतच न्हाई. कुनासंगं भांडायचं?"

मला सांगायचं होतं, की अण्णा, मीही नाही पाहिला. मला सांगायचं होतं, की गोठ्याचं माझं चुकलं. हे सगळं तोंडापर्यंत आलं होतं. अण्णाही हात थांबवून उभा होता, मी काय म्हणतो ते ऐकायला. पण रडू फुटेल अशी मला भीती वाटली, आणि मी हसून म्हणालो, "काही म्हण अण्णा, तुझा तो पहिला जरा आखडूच होता."

अण्णानं माझ्याकडं पाहिलं. हातातलं कापड माझ्या मांडीवर सोडलं आणि तो पुढच्या पाहुण्याकडं गेला.

लग्न लागलं. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. मी जागचा हललो नाही. निम्मं कापड डोक्यावर आणि निम्मं खांद्यावरून खाली लोंबत होतं. थोड्या वेळानं मानाच्या पाहुण्यांचा फोटो काढायला फोटोग्राफर आला. कॅमेऱ्यातून बघता बघता थांबला आणि म्हणाला, "काका, तुमचा फेटा सुटलाय. कुणाला बांधायला सांगू का?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे. माझ्या भावानं बांधलाय."

"मग असा अर्धाच का सोडला?"

"मधे मी बोललो," मी म्हटलं.