बायकोचं नाव नसलेले कागद

बजरंगला कागदपत्रातलं लई कळतं, असं त्याच्या गावात अजूनही मानतात. मला हसू येतं. लोहाऱ्यात तहसीलसमोर माझं ऑनलाइन अर्ज भरायचं दुकान आहे, अकरा वर्षं झाली. जन्माच्या दाखल्यापासून वारसाच्या नोंदीपर्यंत सगळं माझ्या स्कॅनरखालून जातं. पण कागदाला इतकं जपून कागदापायीच तोंडावर पडलेला माणूस मी एवढा एकच पाहिला.

घरची वीस एकर जमीन आणि बापाला हा एकटा. कष्ट करायची वेळ आली नाही, म्हणून सवयही लागली नाही. पांढरे कडक कपडे घालून जीप स्टँडवर उभं राहायचं, आणि गावात वाढदिवस कुणाचाही असो, फ्लेक्सवर आपला फोटो घुसवायचा, हाच त्याचा धंदा. फोटोत गॉगल आणि कानाला मोबाइल. पलीकडून कोण बोलत असायचं देव जाणे.

अशा माणसाच्या पदरात हर्षाली पडली. शिकलेली नर्स. उमरग्याच्या एका दवाखान्यात नोकरी करायची, रोज एसटीनं जायची-यायची. आल्यावर भाकऱ्या थापायची आणि वाटेत लोहाऱ्यात वेळ चोरून माझ्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर इंग्रजीच्या परीक्षेचा अभ्यास करायची. बजरंगला बायकोचा पगार चालायचा, तिचं नाव मात्र कुठल्या कागदावर चालायचं नाही.

घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं लावा, असं ग्रामसेवकानं दोनदा सांगितलं. बजरंग म्हणाला, "बाईचं नाव लागलं की उद्या हिस्सा मागती." रेशनकार्डात तिला घेतलं नाही. गॅस आईच्या नावावर, मीटर बापाच्या नावावर, बँकेत खातं एकट्याचं. हर्षालीच्या आधारवर शेवटपर्यंत अणदूरचा, माहेरचाच पत्ता राहिला. हे सगळं तो स्टँडवर मोठ्या शहाणपणानं सांगायचा आणि ऐकणारे बावळट माना डोलवायचे.

सात वर्षं असा संसार केल्यावर हर्षालीला अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलात नोकरी लागली, ग्रीन कार्डासकट. नवऱ्यालाही व्हिसा मिळणार होता. अर्जापुरती लग्नाची नोंदणी तरी करू या म्हणून ती चार महिने त्याच्या मागं लागली, तेव्हा कुठं त्यानं सही दिली. आणि निघायची वेळ आली तेव्हा म्हणतो कसा, "बायकोच्या मागं जायला म्या काय तिचा ड्रायव्हर हाय?" ती एकटी गेली. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

तीन वर्षांनी बजरंग ग्रामपंचायतीला उभा राहिला आणि एक्केचाळीस मतांनी पडला. गावात तोंड दाखवायची लाज वाटायला लागली, तेव्हा साहेबांना अमेरिका आठवली. हर्षालीनं एका शब्दानं टोमणा मारला नाही. तिनं तिकडून अर्ज केला. मग तिथल्या व्हिसाच्या कचेरीचं पत्र आलं: लग्नाची नोंदणी सात वर्षं उशिरा झालेली दिसते. लग्नाचे फोटो मिळाले. त्यानंतर तुम्ही दोघं एकत्र राहत होतात, याचे पुरावे साठ दिवसांत पाठवा.

पत्र घेऊन तो माझ्याकडं आला. सोबत गठ्ठा होता. मी सोडून बघितला, तर फ्लेक्सचे फोटो. बासष्ट.

"बजरंगराव, ह्यात हर्षाली कुठं हाय?"

"ती कशाला असंल? पर माझी वळख दिसती की न्हाय?"

मी त्याला एकेक विचारत गेले. दोघांचं खातं? न्हाय. रेशनकार्ड? न्हाय. घराचा उतारा? न्हाय. एकत्र कुठं फिरायला गेल्याचा फोटो? त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की मीच काहीतरी वंगाळ बोलले. एवढ्या वर्षांत या माणसानं बायकोला कागदावरून किती नेमानं पुसलं होतं! एवढ्या नेमानं शेती केली असती तर कुठल्या कुठं गेला असता.

"आता लावतो की तिचं नाव," तो म्हणाला. "उताऱ्यावर, कार्डावर, समद्यावर."

"आत्ताच्या तारखेला त्याचा उपयोग न्हाय."

"मग मागची तारीख टाका. तुमच्या हातातलं काम हाय, नंदाताई."

"माझ्या दुकानात खोटी तारीख लागत न्हाय," मी म्हणाले. तो पंधरा दिवस फिरकला नाही.

तेवढ्यात हर्षालीनं मला एका कागदाचा फोटो पाठवला. तिनं तो दहा वर्षं जपला होता. लग्न होऊन काही महिनेच झाले होते, तेव्हा बजरंगनं तिची नर्सिंगची प्रमाणपत्रं कपाटात घालून कुलूप लावलं होतं. ती समुपदेशन केंद्रात गेली. तिथं बजरंगनं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं होतं: "आम्ही पती-पत्नी एकाच घरात नांदतो. पत्नीची प्रमाणपत्रं मी लपवली, ही माझी चूक झाली. पुन्हा तिच्या नोकरीच्या आड येणार नाही." खाली दोघांच्या सह्या, शिक्का, तारीख. दोघांची नावं एका घरात दाखवणारा लग्नानंतरचा तेवढाच कागद. हर्षालीनं खाली लिहिलं होतं, "ताई, त्यांनी हो म्हटलं तरच लावा."

मी बजरंगला बोलावलं. वाचता वाचता त्याचे कान लाल झाले.

"मधलं झाकून झेरॉक्स निघत न्हाय का?"

"झाकलेला कागद कोण धरतंय?"

"तितला साहेब मराठी वाचतो का?"

"इंग्रजी भाषांतर जोडावं लागतं."

"मग भाषांतरात ती चुकीची ओळ सोडून द्या."

"तुम्ही केलेली चूक मी कशी सोडू?"

तो उठला. दारात थांबून म्हणाला, "हे लावलं तर उद्या गावभर व्हईल. बायकोपुढं नाक घासून अमेरिकेला गेला म्हणतेल." आणि गेला. गावात आधीच त्याला कोण काय म्हणत होतं, ते त्याच्या कानावर गेलं नसावं.

साठाव्या दिवशी दुपारी मी अर्जाचं पान उघडलं. बजरंगचा पासवर्ड माझ्या वहीत होता, कागद आणि भाषांतर तयार होतं. एक बटण दाबायचं होतं. त्याला फोन केला. मागं स्टँडवरचा गलका ऐकू येत होता. "ते राहू द्या," तो म्हणाला, आणि कुणाला तरी मोठ्यानं हसून काहीतरी सांगायला लागला. मी पान बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हर्षालीचा फोन आला. ड्यूटी संपवून बोलत होती, आवाज दमलेला होता.

"लावला का, ताई?"

"न्हाय. नको म्हणाले."

मला वाटलं, आता रडती. पण ती म्हणाली, "म्हंजी माझ्याकडून काय राहिलं न्हाय ना?"

"काहीच न्हाय."

"मग आता मी वाट बघायची न्हाय."

"नको बघू," मी म्हणाले. एवढं समाधान मला त्या दुकानात कधी वाटलं नव्हतं.