केरीला घेतलेलं घर

मी मस्कतला निघाले तेव्हा आई दोरीवरचे कपडे काढत होती. डिचोलीजवळच्या आमच्या खाणवस्तीत दुपारच्या जेवणानंतर खनिजाच्या ट्रकांची दुसरी फेरी सुरू व्हायची. त्याआधी कपडे आत घेतले नाहीत तर सगळे लाल होऊन जायचे. टॅक्सी दारात उभी होती, बाबा डिकीत बॅग बसवत होते, शेजारणी जमल्या होत्या, आणि आईच्या खांद्यावर बाबांचे धुतलेले सदरे. मी पाया पडले. "मागे बघू नको गो, डोळ्यांत धूळ जायत," एवढंच ती म्हणाली. वळणावर मी मागे बघितलंच. ती आत गेली होती आणि आमचं दार लोटलेलं होतं.

दार आमचं म्हणते खरी, पण ते आमचं नव्हतं. बाबा मूळचे सावंतवाडीकडचे, खाणीवर टाइमकीपर होते. दोन खोल्यांचं क्वार्टर, वर पत्रे, दारावर पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर. आई भिंतीला खिळा मारायचा झाला तरी बाबांना विचारायची, आणि बाबा ऑफिसात. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे त्या वस्त्यांमधून बाहेर पडले त्यांना हे ठाऊक असेल. आम्ही गाव सोडला असं म्हणतो, पण गावात आपलं म्हणावं असं सोडण्यासारखं काय होतं, हे कोणी विचारलं तर पटकन सांगता येत नाही.

मस्कतला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं काढली. विनायक, माझा नवरा, तिथेच एसी प्लँटवर सुपरवायझर. मूलबाळ नाही. खाण बंद पडली आणि क्वार्टर खाली करायला सांगितलं तेव्हा मी फोनवरूनच आईबाबांसाठी डिचोलीत एक फ्लॅट भाड्याने बघितला. बाबा तिथे वर्षभरात गेले. आई एकटी राहिली. मी दर शुक्रवारी फोन करायचे. ती सांगायची, इथे धूळ नाही, कपडे पांढरे राहतात. तिच्या आवाजावरून ही तक्रार आहे की कौतुक, मला कधी कळलं नाही.

आई गेली तेव्हा मी ड्युटीवर होते. दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळीला उतरले आणि चुलतभावाने विमानतळावरच सांगितलं की सगळं आटोपलं. फ्लॅटच्या मालकाच्या घरी मुलीचं लग्न होतं. प्रेत वर आणू नका, अशी त्याने हात जोडून विनंती केली होती. वाईट माणूस नव्हता. चुलतभावाने आईला हॉस्पिटलमधूनच स्मशानात नेलं. फ्लॅटचं दार उघडलं तर तिच्या चपला दाराशी नीट जोडून ठेवलेल्या होत्या. मी त्या किती वेळ बघत बसले होते ते विनायकला विचारा. तो मस्कतला फोन कानाला धरून होता.

त्यानंतर घर घ्यायचं वेडच लागलं. भाड्याचं नको, फ्लॅट नको, जमिनीवरचं, आपल्या नावाचं. विनायकने हिशोबी माणसासारखा विचार केला. निवृत्तीला सहासात वर्षं होती, तोवर समुद्राजवळ घर घेऊन पर्यटकांना द्यायचं, मग आपण राहायला जायचं. पेडण्यातल्या एका दलालाने केरीचं घर दाखवलं. खाडीच्या तोंडाशी, सुरूच्या झाडांमागे, कौलारू, लहानसं. पडवीत बसलं की पलीकडे तेरेखोलचा किल्ला आणि मधून संथ येणारी फेरीबोट दिसायची.

घर सुमतीकाकींचं होतं. पंचाहत्तरीच्या विधवा, बारीक चणीच्या, नऊवारी नेसणाऱ्या. त्यांचा मुलगा उमेश धारगळला हायवेवर टायरचं दुकान चालवायचा आणि तिथेच ब्लॉकमध्ये राहायचा. आईला एकटीला इथे ठेवणं त्याला जमत नव्हतं. तिला विसरायला व्हायचं, एकदा चूल पेटती ठेवून ती देवळात गेली होती. त्याने हे सगळं मला उघडपणे सांगितलं. सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात काकींनी हळूहळू, अक्षर अक्षर जोडत सही केली. मग मला विचारलं, "तुमी रवतलात मगे थंय?" मी हो म्हटलं. ते तेव्हा खोटंच होतं. आम्ही चार दिवसांनी परत जाणार होतो.

आम्ही घराची डागडुजी केली. खाडीकडच्या बाजूची भिंत पाडून काच बसवली, चुलीची जागा काढून ओटा घातला, दोन बाथरूम केले. अंगणातलं तुळशीवृंदावन गाडी लावायला आड येत होतं, ते बाजूला हलवलं. फक्त स्वयंपाकघराच्या बाहेरच्या दाराचं कुलूप जुनं आणि चांगलं होतं म्हणून तसंच राहू दिलं. झाडलोट आणि पाहुण्यांची व्यवस्था वाड्यावरची, म्हणजे तिथल्या वस्तीतली, प्रमिला बघू लागली. पहिला सीझन बरा गेला.

दुसऱ्या सीझनला, डिसेंबरात, नागपूरच्या एका जोडप्याने बुकिंगच्या साईटवर अभिप्राय लिहिला. मी तो लॅबच्या कँटीनमध्ये मोबाईलवर वाचला. घर स्वच्छ, समुद्र जवळ, वगैरे. आणि शेवटी: तुमच्या आईंनी दोन्ही दिवस पहाटे उठून आम्हाला चहा करून दिला, त्या फार प्रेमळ आहेत, त्यांना नमस्कार सांगा.

आईला जाऊन तीन वर्षं झाली होती. मी समोरची प्लेट बाजूला सारली. माझ्या शेजारी बसलेल्या केरळच्या सिस्टरने विचारलं, काय झालं, बरं नाही का? मी मोबाईल पालथा घातला. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, दिवसभर मी लोकांचं रक्त तपासायचे. तरी त्या संध्याकाळी घरी जाईपर्यंत मी स्वतःशी म्हणत होते की आली असेल. तिला घर मिळालं म्हणून आली असेल. लाज वाटते लिहायला, पण मला बरं वाटलं होतं.

विनायकने मागचे अभिप्राय काढून बघितले. आणखी दोघांनी लिहिलं होतं. म्हातारीने हाताला धरून किनाऱ्यावरची कुठली वाट धोक्याची ते दाखवलं म्हणून एका परदेशी बाईने आभार मानले होते. प्रमिलाला फोन केला. ती म्हणाली, कोण नाय हो वयनी, लोक कायय लिवतत. पण लगेच तिने पुढच्या पाहुण्यांच्या चादरींचा विषय काढला.

मी रजा काढून आले. आता विमान मोपाला उतरतं, केरी तिथून जवळ. त्या आठवड्यात घर रिकामं ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता स्वयंपाकघराच्या दारात चावी फिरल्याचा आवाज आला. मी खोलीतून बाहेर आले तर सुमतीकाकी ओट्याशी उभ्या होत्या. कनवटीची चावी पुन्हा कनवटीला लावत होत्या. धारगळहून पहिल्या बसने पेडणे, तिथून केरीची बस, असं करून त्या आल्या होत्या, आणि आठवड्यातून दोनतीनदा अशाच येत होत्या. प्रमिलाला माहीत होतं. तिने कधी अडवलं नाही, कारण लहानपणापासून ती त्याच ओट्याच्या जागी काकींच्या हातची भाकरी खाऊन मोठी झालेली.

काकींनी मला ओळखलं नाही. प्रसन्नपणे बघितलं, पातेलं धुतलं आणि विचारलं, "आजच इलंस? किती दीस रवतलंस गो?"

घर माझं आहे, हे सांगायला मी समुद्र ओलांडून आले होते. मी म्हटलं, "आठ दिवस."

"मगे बस. च्या करतंय."

त्यांनी चहा केला. मग झाडू घेऊन अंगण काढलं. तुळस जिथे होती तिथे, त्या रिकाम्या सिमेंटवर, दोन वेळा थांबल्या आणि मग मला म्हणाल्या, कोणीतरी माझी तुळस हलवली, उमेश इलो की त्येका सांगूक जाय.

उमेशला मी फोन केला. तो तासाभरात आला, शरमला होता, वारंवार माफी मागत होता. आम्ही झोपेत असतो तेव्हाच ती निघते, म्हणाला, तिच्या खोलीला बाहेरून कडी लावायची माझी हिंमत होत नाही. उपाय विनायकने फोनवर सुचवला आणि मी मान्य केला. दोष त्याच्यावर ढकलणार नाही. स्वयंपाकघराचं कुलूप बदललं. उमेश म्हणाला, एकदोनदा बंद दिसलं की ती यायची थांबेल.

मी परत जायच्या आदल्या दिवशी काकी आल्या. मी घरातच होते. काचेतून बघत होते. आधी चावी लावून बघितली, मग दुसऱ्या हाताने, मग दाराला हात लावून नुसत्या उभ्या राहिल्या. हाक मारली नाही. आपल्या घरात आपण कोणाला हाक मारणार? थोड्या वेळाने वळल्या आणि सुरूच्या झाडांतून खाडीकडे चालू लागल्या. मी बाहेर जायला हवं होतं. मी बॅग भरत राहिले.

दुपारी फेरीबोटीवरचा माणूस प्रमिलाकडे आला. म्हणाला, सुमतीकाकी सकाळपासून फेरीत बसली आहे. तेरेखोलला जाते, उतरत नाही, परत केरीला येते, उतरत नाही. विचारलं तर म्हणते, माझा धक्का आला की सांग. मी आणि प्रमिला धावत गेलो. बोट धक्क्याला लागत होती. काकी कठड्याला धरून उभ्या होत्या आणि पाण्यावरून सरळ आमच्या घराकडे बघत होत्या. तिथून ते स्पष्ट दिसतं, काच चमकते. मी हात धरला तर म्हणाल्या, "ह्या घराक दार खंय आसा गो?"

मी त्यांना घरी आणलं, कुलूप काढलं, जुनं परत बसवायला लावलं. विनायकला सांगितलं की यात बदल होणार नाही. साईटवर मी पाहुण्यांसाठी एक ओळ घातली: सकाळी एक वयस्क बाई येतील, त्यांना येऊ द्या. कोणी त्याबद्दल कुरकुर केली नाही. पुढचे सात महिने अभिप्रायांत त्या होत्या, आणि मी कामावर जाताना ते असे वाचायचे जसं कोणी घरचं पत्र वाचावं.

त्या गेल्या तेव्हा योगायोगाने मी गोव्यात होते, सीझनआधीची रंगरंगोटी करून घ्यायला. दोन दिवसांनी पाहुणे यायचे होते. उमेशने सकाळी फोन केला. धारगळलाच, झोपेत. मग म्हणाला, "वयनी, तुमका सांगूक तोंड नाय माका. पण आवशीक थंयसून व्हरूची आसा. पडवेर घटकाभर."

आईला शेवटचं त्याला या घरातूनच न्यायचं होतं. मला माझ्या आईच्या चपला दिसल्या. मी म्हटलं, "उमेश, घेऊन ये. आणि घाई करू नको."

रुग्णवाहिका सुरूच्या झाडांपर्यंत आली. वाड्यावरच्या माणसांनी त्यांना उचलून पडवीत आणलं, खाडीकडे तोंड करून ठेवलं. सगळा वाडा आला. बायका आत-बाहेर करत होत्या, कुणाला काही विचारावं लागत नव्हतं, पाट कुठे, कळशी कुठे, जणू काच आणि ओटा तिथे नव्हताच. दुपारी केरीच्या स्मशानात नेलं. मी फाटकापर्यंत गेले आणि या वेळी काकी दिसेनाशा होईपर्यंत बघत उभी राहिले.

मग एका म्हातारीने मला हाक मारली. काकी ठेवल्या होत्या त्या जागी दिवा लावायचा असतो, दहा दिवस तेवत ठेवायचा असतो. उमेशच्या बायकोला धारगळला परतायचं होतं. म्हातारी म्हणाली, "दिवो घरच्या बायलमनशेन लावचो." आणि घरची बाई म्हणून तेलाची वाटी माझ्या हातात दिली. मी कोण, घर कोणाचं, तिला सगळं माहीत होतं. मी दिवा लावला. लावताना जे रडू आलं ते कोणासाठी होतं, याचा निवाडा मी अजून केलेला नाही.

पाहुण्यांना येऊ नका असं कळवून टाकलं. दहा दिवस मी त्या घरात राहिले, पहिल्यांदाच सलग. वात सारखी करायला उठायचे, तेल घालायचे. उमेश रोज दुकान बंद करून यायचा आणि दिव्याशी बसायचा. आम्ही आपापल्या आयांबद्दल बोलायचो. अकराव्या दिवशी विनायकचा फोन आला, परत कधी येतेस? मी राजीनामा देणार असल्याचं त्याला तेव्हाच सांगितलं. तोही पुढच्या वर्षी आला. तेव्हापासून घर आम्ही भाड्याने दिलेलं नाही.

लोक म्हणतात, शेवटी स्वतःच्या घरात आलात. माझ्या नावाची पाटी आहे, वीजबिल माझ्या नावावर येतं. तरी कधी पहाटे जाग येते आणि मी कान देऊन पडून राहते. चावी फिरत नाही. ज्यांनी बाहेर राहून इथे घर बघायला सुरुवात केली आहे त्यांना मी एवढंच सांगते, सही करायच्या आधी तिथे राहणाऱ्या माणसाबरोबर एक सकाळ काढा.

परवा नवा पोदेर सायकलवर पावाची टोपली घेऊन फाटकाशी आला. पाव कोणाच्या नावाने लिहू म्हणून विचारत होता. त्याला वाड्यावर कोणीतरी पत्ता देऊन पाठवलं होतं. "सुमतीचें घर हेंच मगे?" तो म्हणाला.

मी म्हटलं, "हय, हेंच. चार पाव दी."