९६८ वरून आलेला मिस कॉल

गेल्या शुक्रवारी सुट्टी होती. इथे ओमानमध्ये खोलीबाहेर कपडे वाळत घालता घालता मी मनाशी पक्कं केलं, की बाबांनी आपल्याशी संबंध तोडले. इथे येऊन वीस दिवस झाले होते... माणसाने रागवावं तरी किती.

आमचं गाव निडी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी डोलवीला कंपनीत होतो तेव्हा शिफ्ट सुटली की बाबांच्या बटणांच्या फोनवर एक रिंग द्यायचो आणि कापायचो. म्हणजे निघालो, भात टाका. मग त्यांची एक रिंग यायची, म्हणजे कळलं.

सहा वर्षं आमचं बोलणं हे एवढंच. खरंखुरं बोलायला दोघांनाही जमत नाही, बाप तसा बेटा.

मी परदेशी जाऊ नये असं त्यांना वाटत होतं. निघालो त्या दिवशी वालाच्या शेतातूनच "जा" म्हणाले, स्टेशनवर सोडायलाही आले नाहीत. आदल्या दिवशी मी मात्र मोठा शहाणपणा शिकवून ठेवला होता... रोमिंग घेतलंय, तुम्हाला माझंच नाव दिसेल. प्लस एक्क्याण्णव सोडून दुसरा कुठला नंबर आला तर हात लावायचा नाही, लोक फसवतात.

इथे आल्यापासून रोज शिफ्ट सुटली की रिंग देत होतो. उलट रिंग एकदाही आली नाही. एकदा पूर्ण वाजू दिला, तरी उचलला नाही. मग मीही हट्टाला पेटलो, रिंग देऊन गप्प बसायला लागलो.

खोलीत आम्ही सहाजण, सगळे आपापल्या मोबाईलमध्ये डोकं घालून. फार एकटं वाटायचं, खोटं कशाला सांगू...

तर त्या शुक्रवारी शेजारच्या वनिताकाकूंचा व्हॉइस मेसेज आला.

"अरे, तुझा फोन का नाय येत? बाबा रोज संध्याकाळी ओटीवर फोन घेऊन बसलेला असतो. परवा रोह्याला दुकानात दाखवून आला. दुकानवाला बोलला फोन चांगला हाय, तरी याला पटत नाय. बोलतो, पोराचा येत नाय आणि ते ९६८ वाले फसवणारे रोज बरोब्बर रिंग देतात."

ते फसवणारे म्हणजे मी. रोमिंगवर माझं नाव तिकडे दिसतच नव्हतं, ९६८ ने सुरू होणारा कुठलातरी इकडचा नंबर दिसत होता. आणि बाबा माझंच ऐकून त्याला हात लावत नव्हते.

काकूंना लगेच कळवलं, बाबांना सांगा, ९६८ म्हणजे मीच. संध्याकाळी शिफ्ट नव्हती तरी रिंग दिली. कापायच्या आत त्यांनी उचलला.

"बाबा, मीच," म्हटलं. मग म्हणाले, "आता रिंग नको देऊ. बोलत जा."

"काय बोलू?"

"जेवलास काय, ते सांग."

डाळभात खाल्ला, म्हटलं. तेही म्हणाले, मी पण... फोन ठेवला आणि वाळत घातलेल्या कपड्यांच्या आडोशाला उभा राहून रडलो. वीस दिवस मला वाटत होतं, ते रागावलेत, आणि ते तिकडे चांगला फोन दुरुस्त करून मागत होते.