बैलजोडी, गाडी व किसन

"साक्षीदार कुठाय?" माझ्या सीनियरनी विचारलं.

"बाहेर. बैल सांभाळून राह्यला," नारायणराव म्हणाले.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. भोकरदनला मी नवा ज्युनियर वकील होतो. नारायणरावांच्या वडिलांनी मृत्युपत्र करून विहिरीची जमीन त्यांना दिली होती. धाकटा भाऊ म्हणे, मृत्युपत्र खोटं. अशा वेळी ते करताना हजर असलेला एक तरी साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. दोन साक्षीदारांपैकी एक वारला होता. उरला किसन, त्यांचा सालगडी. सालगडी वर्षाच्या बोलीवर राहतो. किसनचं वर्ष वीस वर्षं संपलं नव्हतं.

किसनराव गेल्या महिन्यात गेले. दहाव्याला त्यांचा मुलगा हाच किस्सा सांगत होता आणि रडणारी माणसं हसत होती. म्हणून लिहितो आहे.

मृत्युपत्र वाचताना मी चौथ्या कलमाशी थांबलो. 'एक बैलजोडी, एक गाडी व किसन, नारायणकडे राहतील.'

"सर, यात साक्षीदारच वाटून दिलाय."

सीनियर कधी हसत नसत. त्यांनी वाचलं आणि तोंडाला रुमाल लावला. खांदे हलत राहिले.

"हसायचं काय त्यात?" नारायणराव चिडले. "बापानं दिलाय मला. बिलकुल कायदेशीर!"

साक्षीदारानं फक्त सही किंवा अंगठा होताना पाहायचा आणि खाली आपला लावायचा असतो. मजकूर त्याला माहीत असावा लागत नाही. किसनला तो कुणी सांगितलाच नव्हता. बाहेर जाऊन मी वाचून दाखवला.

"मला बैलांच्या आधी लिवलं का मागून?"

"मागून. गाडीच्याही मागून."

"बराबर हाय. गाडीला वंगण तरी घालावं लागतं!"

आम्ही इतके हसलो की बैलांनी माना वळवल्या. मग तो हळूच म्हणाला, "बदनापूरला मजुरीचं काम भेटून राह्यलं. बायको-पोरं तिथंच हायत. मालक सोडीत न्हाईत. मला जाता येतं का, साहेब?"

"येतं. पण ते कोर्टाच्या तोंडून ऐक. आणि साक्ष खरी दे."

त्यानं खरी दिली. "म्हातारा शुद्धीवर व्हता, अंगठा माझ्यासमोर लावला," तो म्हणाला. मग धाकट्याचे वकील उठले.

"तू नारायणरावांच्या मालकीचा आहेस ना?"

"कागदात तसंच हाय, साहेब. पन साक्षीला बैल न्हाई बोलवले, मला बोलवलं."

आधी शिपाई फुटला, मग खुद्द ते वकील. न्यायाधीशांनी फाइल तोंडापुढे धरली. किसननं हात जोडले.

"मंग मी बदनापूरला जाऊ का?"

"अवश्य जा," न्यायाधीश म्हणाले. "माणूस वारशात देता येत नाही."

तो कोर्टातून निघाला तो थेट स्टँडकडे. नारायणराव मागे धावले. "अरे, गाडी कोण हाकणार?"

"ती तुमच्या वाट्याला आलीया, मालक!" आणि हसत हसत तो बदनापूर गाठायला जालन्याच्या बसमध्ये चढला.

निकालात मृत्युपत्र खरं ठरलं. जमीन नारायणरावांना मिळाली. 'व किसन' एवढे दोन शब्द रद्द झाले.

साक्षीदाराला मजकूर वाचून दाखवावा, असा नियम आजही नाही. मी मात्र दाखवतो. ऐकताना काही जण स्वतःचं नाव येतंय का ते पाहतात.